घोड्यावरच्या सहलींत वजनाचा आकडा लपवू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कॅनडाच्या उत्तरेकडील निर्जन रानांतून वाटाड्याबरोबर घोड्यावर बसून करावयाच्या दहा-पंधरा दिवसांच्या सहलींविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात एक लेख प्रसिद्ध झाला. छायाचित्रे सुंदर होती आणि मराठी प्रवाशाने ठरावीक शहरांच्या पलीकडे पाहावे ही लेखिकेची इच्छाही मला मनापासून पटली. परंतु अशा सहलीत चालण्याचे कष्ट घोड्याचे आणि आपण फक्त पाहत बसायचे, शिवाय बसता येण्याची पूर्वतयारी लागत नाही, वय आणि वजन यांचा विशेष प्रश्न येत नाही, असा जो समज त्या लेखातून निर्माण होतो तो चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत प्रवाशापेक्षा एका मुक्या जनावराला अधिक मोजावी लागते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे, तरी विषय एकदा नीट मांडला जावा म्हणून जागा द्यावी, ही विनंती.

मी पशुसंवर्धन विभागातून पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षे माण, खटाव आणि सांगोला या तालुक्यांत गेली. मुलगी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्थायिक झाल्यामुळे तिकडे जाणे-येणे होते, आणि दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मी मस्क्वा-केचिका या भागात सोळा दिवस घोड्यावरून फिरलो. त्यामुळे लिहितो आहे ते एकीकडे प्रवासी म्हणून आणि दुसरीकडे आयुष्यभर जनावरांच्या पाठी, खूर आणि पोटे तपासलेला माणूस म्हणून.

मस्क्वा-केचिका हे नाव दोन नद्यांचे आहे. क्री भाषेत मस्क्वा म्हणजे अस्वल. ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्य भागात, रॉकी पर्वताच्या उत्तर टोकाशी पसरलेल्या या प्रदेशासाठी तेथील विधिमंडळाने १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि पुढील दोन-तीन वर्षांत त्याची हद्द वाढवून ती सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटरांवर नेली. आपल्या अंदाजासाठी सांगायचे तर हे क्षेत्र जवळजवळ अख्ख्या मराठवाड्याएवढे आहे. मराठवाड्याएवढी जमीन, आणि एका महामार्गाची कड सोडली तर तिच्या पोटात गाव नाही, पेट्रोल पंप नाही, मोबाइलचा मनोरा नाही, हे आपल्याकडच्या माणसाच्या कल्पनेत चटकन बसत नाही. माझ्याही बसले नव्हते. काही भाग पूर्ण संरक्षित उद्यानांचा आहे, तर उरलेल्या मोठ्या भागात खाणकाम किंवा तेल-वायूच्या शोधाला परवानगी मिळू शकते, पण वन्यजीव आणि रानाचे स्वरूप राखण्याच्या अटींवर. मूस, एल्क, कॅरिबू, ग्रिझली अस्वल, लांडगे आणि करड्या रंगाच्या स्टोन मेंढ्या अशी मोठी जनावरे एकाच प्रदेशात अजूनही मुबलक आहेत, याचे मुख्य कारण तेथे रस्ता पोहोचलेला नाही हेच आहे.

रस्ता आहे तो एकच, अलास्का महामार्ग. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या भीतीने अमेरिकी सैन्याने १९४२ मध्ये काही महिन्यांत तो रेटून काढला. फोर्ट नेल्सन हे शेवटचे म्हणावे असे गाव. तेथून पुढे टोड रिव्हर, मंचो सरोवर, लियार्डचे गरम पाण्याचे झरे अशी तुरळक ठिकाणे लागतात. महामार्गाच्या कडेला एका कुरणात आमचे घोडे उभे होते, आणि तेथून डांबरी रस्त्याकडे पाठ करून आम्ही जे आत शिरलो ते सोळाव्या दिवशीच दुसऱ्या ठिकाणी पुन्हा त्याच रस्त्यावर आलो.

तेथे घोडाच का, हा प्रश्न लेखात आलाच नाही. एक तर मोटारीने, अगदी चारचाकी मोटारसायकलीनेही, आत वाटेल तेथे शिरता येत नाही. नेमून दिलेल्या मोजक्या वाटा सोडून यंत्रवाहनांना मज्जाव आहे. पण कायदा हे अलीकडचे कारण झाले. त्याआधी १९३४ मध्ये शार्ल बेदो नावाच्या धनाढ्य माणसाने पाच सिट्रोएन गाड्या, मागच्या बाजूला रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या, घेऊन हा प्रदेश ओलांडण्याचा घाट घातला होता. सोबत शंभरावर घोडे, शॅम्पेनच्या बाटल्या आणि चित्रपटाचा छायाचित्रकारही होता. पाऊस आणि चिखल यांनी काही आठवड्यांत गाड्या निकामी केल्या, त्यांतल्या काही तर चित्रीकरणासाठी कड्यावरून ढकलून देण्यात आल्या, आणि मग सारा भार घोड्यांवर आला. सततच्या ओलीत घोड्यांचे खूर कुजले, चारा पुरेना, आणि शरद ऋतूत मोहीम अर्ध्यातून परतली तेव्हा कितीतरी घोडी मागे पडली होती. याच भागातून त्याच्या तीनच वर्षे आधी, १९३१ मध्ये, मेरी गिब्सन हेन्री या अमेरिकी वनस्पतिसंग्राहक बाई आपल्या मुलांबाळांसह घोड्यांच्या तांड्याबरोबर, स्थानिक मूलनिवासी वाटाड्याच्या भरवशावर, वनस्पतींचे नमुने गोळा करीत नीट पार गेल्या होत्या. तेथील एका शिखराला आज त्यांचे नाव आहे. मला वाटते, या दोन प्रवासांतला फरक पैशाचा नव्हता. कोणाच्या चालीने चालायचे हे एकाने ठरवले होते आणि दुसरीने घोड्यांवर सोडले होते.

आता सहलीचा दिवस कसा असतो ते सांगतो, कारण घोडे पेंड खाते ते इथेच. आम्ही सात प्रवासी, एक मुख्य वाटाड्या, त्याचे दोन मदतनीस आणि एकोणीस घोडे होतो. दहा स्वारीचे आणि नऊ ओझ्याचे. दिवसाची मजल पंधरा ते वीस किलोमीटरांची, कधी त्याहून कमी, आणि दर दोन-तीन दिवसांनी एक दिवस मुक्कामाचा. प्रथम वाटते की इतकेच अंतर? पण घोडा हे रवंथ करणारे जनावर नव्हे. बैल भराभर गिळतो आणि मग झाडाखाली बसून निवांत चघळतो. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, त्यामुळे त्याला दिवसाचे चौदा-पंधरा तास थोडे थोडे खात राहावे लागते. पागेत चंदी आणि वैरण समोर टाकता येते. रानात एकोणीस घोड्यांची वैरण वाहून नेणे अशक्य, तेव्हा जे काही खायचे ते जमिनीवरच्या गवतातून. म्हणून मुक्काम कोठे करायचा हे देखावा पाहून ठरत नाही, गवत पाहून ठरते. एका संध्याकाळी सरोवराच्या काठी अतिशय रम्य जागा होती आणि आम्ही सगळे तेथेच थांबण्याचा आग्रह करीत होतो. वाटाड्याने खाली वाकून मूठभर गवत उपटले, त्यातला शेवाळाचा गोळा आम्हाला दाखवला आणि काही न बोलता आणखी दीड तास पुढे नेले.

मुक्कामाला पोहोचताच घोड्यांची खोगिरे उतरतात, पुढच्या दोन पायांना चामड्याचा पायबंद पडतो, तांड्यातल्या काही घोड्यांच्या गळ्यात घंटा बांधल्या जातात आणि त्यांना रात्रभर चरायला मोकळे सोडले जाते. जुलैत तेथे अठरा तासांच्या आसपास उजेड असतो आणि उरलेली रात्रही पुरती काळोखी होत नाही. तंबूत पडल्यापडल्या त्या घंटांचा आवाज ऐकू येत असे आणि माण तालुक्यातल्या धनगरांच्या वाड्याची मला आठवण होई. पहाटे तोच आवाज ऐकत मदतनीस घोडी शोधायला निघतात. पायबंद असला तरी दोन्ही पाय एकदम उचलत घोडा चांगला मैल-दोन मैल जातो, आणि एखाद्या दिवशी सगळी हाताशी यायला नऊ वाजतात. आपल्याकडच्या सहलीत गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर तक्रार होते. येथे आम्ही न्याहारी करून दोन-दोन तास बसलो आहोत, आणि ते योग्यच होते, कारण तो वेळ घोड्यांच्या पोटात जात होता.

मग लादणी. हा भाग मी रोज जवळ उभा राहून पाहिला आणि तिसऱ्या दिवसापासून हातही लावू लागलो. ओझ्याच्या घोड्याच्या दोन बाजूंना दोन पेट्या लटकतात. एक पेटी भरली की ताणकाट्याला अडकवून तोलायची, दुसरी तिच्या बरोबरीला आणायची; अर्धा किलोचा फरक निघाला तरी बटाट्याची पिशवी इकडून तिकडे करायची, पण दोन्ही सारख्या झाल्याशिवाय एकही चढवायची नाही. एका घोड्यावर एकूण साठ-पासष्ट किलो, त्याहून अधिक नाही. पेट्या चढल्या की वर तंबू आणि वळकट्या, त्यांवर जाड कापड, आणि मग एकच लांब दोर असा फिरवून आवळायचा की माथ्यावर त्याचा शंकरपाळ्यासारखा चौकोन तयार होतो. दोन माणसे, दोन बाजूंना, एकमेकांचा चेहरा न दिसता, नुसत्या हुंकारावर दोर ओढतात. ओझे ज्या बाजूला झुकते त्या बाजूची पाठ सोलते, हे त्यामागचे सारे शास्त्र. माण-खटावची मेंढरे पावसाळ्याआधी-नंतर फिरतीवर असतात तेव्हा धनगर बाया बिऱ्हाड तट्टावर लादताना हेच करतात. घोंगडीची घडी पाठीवर अशी टाकतात की कण्यावर भार न येता दोन बाजूंच्या मांसल भागावर यावा. कोणी त्यांना ते पुस्तकातून शिकवलेले नसते. ज्या तट्टाची पाठ एकदा लागली त्याच्या जखमेवर पुढे पांढरे केस उगवतात, आणि असा पांढरा ठिपका असलेले तट्टू वाड्यात असणे घरच्या बाईला कमीपणाचे वाटते, हे मी स्वतः पाहिले आहे.

आपण खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी भरताड अशा अर्थाने वापरतो. घोड्याच्या बाबतीत मात्र खोगिराखाली काय भरले आहे, ते सपाट आहे की त्यात गवताची एक काडी अडकली आहे, यावर पुढचे चार दिवस अवलंबून असतात. आम्हा प्रत्येकाला पहिल्याच दिवशी आपापल्या घोड्याचा खरारा करायला शिकवण्यात आले. पाठीवरून उघडा तळवा फिरवायचा, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून आवळायचा पट्टा, जेथे येतो तेथे बोटे घालून पाहायचे, खोगीर ठेवून थोडे मागे ओढायचे म्हणजे केस उलटे दुमडत नाहीत, आणि तासाभराने उतरून तंग पुन्हा तपासायचा. तीव्र उतारावर सर्वांनी खाली उतरून लगाम हाती धरून चालायचे. मी अंदाज केला तर रोजच्या वाटेचा पाव हिस्सा तरी आम्ही पायीच चाललो. चालण्याचे कष्ट घोड्याचे, हे म्हणूनच खरे नाही.

आता वजनाचा प्रश्न. घोड्यावर खोगिरासह एकूण किती भार असावा याचा जगभर मानला जाणारा ढोबळ नियम म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका. साडेचारशे किलोचा घोडा असेल तर नव्वद किलो. त्यात तिकडच्या पद्धतीचे दणकट खोगीर पंधरा-सोळा किलोचे. पावसाळी कोट, पाण्याची बाटली, खोगिराला बांधलेल्या पडशीतला डबा यांचे तीन-चार किलो. उरले सत्तर. चांगला साडेपाचशे किलोचा घोडा घेतला तरी स्वार नव्वदच्या आतच हवा. सपाट जमिनीवर अर्धा तास थोडा जास्त भार एखादे जनावर सहन करील. पण गुडघाभर दलदल, गोट्यांनी भरलेली नदी, पडलेली झाडे आणि दिवसाचे पाच-सहा तास, असे सोळा दिवस, हा हिशेब वेगळा असतो. भार जास्त झाला की प्रथम स्नायू दुखतात, मग चाल बदलते, चाल बदलली की खोगीर सरकू लागते, आणि सरकणारे खोगीर पाठ कापते.

ही माझी कल्पना नव्हे. १८९७-९८ मध्ये कॅनडातील क्लोंडाइकच्या सोन्याच्या हव्यासाने अलास्कातील स्कॅगवेहून व्हाइट पासच्या खिंडीने जे लोक निघाले त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात घोडा लादला नव्हता. मिळेल ते जनावर घेतले, हवे तेवढे ओझे चढवले, चाऱ्याचा विचार केला नाही. त्या एका हंगामात त्या वाटेवर सुमारे तीन हजार जनावरे मेली, आणि आजही ती वाट मेलेल्या घोड्यांची वाट म्हणूनच ओळखली जाते. उत्तरेत आज जे काळजीपूर्वक लादणी करतात, पेट्या तोलतात, स्वाराचे वजन विचारतात, त्यांच्या पाठीशी ही आठवण आहे.

आमच्याबरोबर महाराष्ट्रातलेच एक गृहस्थ होते. अतिशय सज्जन, मदतीला तत्पर, आणि माझ्यापेक्षा वयाने लहान. नोंदणीच्या अर्जात वजनाचा रकाना होता व मर्यादा ९० किलो अशी स्पष्ट लिहिलेली होती. यांनी ज्या दलालामार्फत आरक्षण केले त्याने फोनवर सांगितले की ही केवळ औपचारिकता असते, तिकडे कोणी काटा घेऊन बसलेले नसते, ८८ लिहा. प्रत्यक्षात वजन १०४ होते. दलालाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माझा मुद्दा एका माणसापुरता नाही आणि असे सांगणारा तो एकटाच आहे असे मी मानत नाही.

त्यांना दिलेली घोडी तपकिरी रंगाची, बांधीव आणि अतिशय शांत होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी खोगीर उतरवल्यावर मी सवयीने तिच्या पाठीकडे पाहिले. सगळी पाठ घामाने ओली होती आणि खांद्यामागच्या उंचवट्याच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग कोरडा होता. ज्याने घोडी तपासली आहेत त्याला हे पाहून काळजात चर्र होते, कारण घामाने भिजलेल्या पाठीवर कोरडा ठिपका याचा अर्थ तेथे इतका दाब पडला की रक्तपुरवठा आणि घाम दोन्ही थांबले. मी बोट ठेवले तशी ती एकदम खाली दबली आणि मान वळवून माझ्या हाताकडे पाहू लागली. तिने लाथ उगारली नाही. सकाळपर्यंत तेथे सूज होती, ऊन लागत होती, आणि केस चिकटून उभे राहिले होते.

वाटाड्याला बोलावले. तो रागावला नाही. त्याने त्या गृहस्थांना एकदाच विचारले आणि त्यांनी खरे सांगितले. मग तो बराच वेळ घोडीच्या पाठीला थंड पाण्याने भिजवलेले फडके धरून उभा राहिला. तिच्यावर पुन्हा कोणी बसले नाही. उरलेले सर्व दिवस ती तांड्याबरोबर मोकळीच चालली. त्या गृहस्थांनी वाटेचा बहुतेक भाग पायी काढला आणि नदी ओलांडण्यापुरते तेवढे इतरांच्या घोड्यावर आळीपाळीने बसले. रोजच्या मजला लहान झाल्या, ठरलेल्या दोन खिंडी सोडून द्याव्या लागल्या. आमच्यापैकी कोणी कुरकुर केली नाही. पण मला विसरता येत नाही ते हे की ते गृहस्थ रोज संध्याकाळी, हातपाय धुण्याआधी, मिठाचे कोमट पाणी घेऊन त्या घोडीपाशी जात. आपल्याला हे आधी कोणी सांगितले असते तर मी आलोच नसतो, असे ते मला दोन-तीनदा म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांना सांगणारे दोघे होते, एक अर्ज आणि एक दलाल, आणि दलाल मराठीत बोलत होता.

हे सारे परदेशातले आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर आपल्याकडेही हा नियम नवा नाही. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांना होणारी क्रूरता रोखण्यासाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये नियम केले, त्यांत तट्टावर लादावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे. नोकरीत असताना मी तो आकडा अनेकांना सांगितला. थंड हवेच्या ठिकाणी घोड्यावरून फेरी मारताना आपल्यापैकी किती जण घोडा केवढा आणि आपण केवढे, हे पाहतात? घोडेवाला गरीब असतो, गिऱ्हाईक परत पाठवणे त्याला परवडत नाही, म्हणून तो बोलत नाही. विचारण्याची जबाबदारी बसणाऱ्याची आहे. माथेरानला अर्धा तास बसून आल्याने उत्तरेच्या रानातल्या पंधरा दिवसांची तयारी होते, हाही असाच एक गैरसमज. निदान दोन-तीन महिने आठवड्यातून दोनदा एखाद्या अश्वारोहण शाळेत जाऊन मांड पक्की करावी, कारण जो स्वार ढिला, एका बाजूला कलून बसतो, तो वजनाने हलका असला तरी पाठ लावतो.

लेखात आणखी एक उणीव होती, तीही नोंदवतो. तो प्रदेश माणसाचा स्पर्श न झालेला, असे त्यात म्हटले आहे. ज्या वाटांनी आम्ही गेलो त्यांतल्या कितीतरी कास्का डेने आणि इतर मूलनिवासी लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा आहेत. घोडा येण्यापूर्वी ते कुत्र्यांच्या पाठीवर सामान लादून याच खिंडी ओलांडत असत. दऱ्यांमधली जी हिरवी कुरणे पाहून आपण निसर्गाची थोरवी गातो त्यांतली अनेक, वसंतात मुद्दाम वणवा लावून, गवत वाढावे म्हणून राखली गेली आहेत. कास्का लोकांनी आपल्या भूमीतील सुमारे ४० हजार चौरस किलोमीटरांचा भाग स्वतःच्या देखरेखीखाली संरक्षित व्हावा असा प्रस्ताव मांडला आहे. त्या रानाला निर्मनुष्य म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि मराठी वाचकाला, ज्याच्या स्वतःच्या डोंगरांत धनगर, ठाकर आणि महादेव कोळी राहतात, हे समजायला अवघड जाऊ नये.

पशुवैद्य म्हणून एक गोष्ट घोड्याच्या बाजूने सांगायला हवी, कारण अशा सहलींनी रानाचे नुकसानच होते असेही काही पर्यावरणप्रेमी मित्र मला म्हणाले. शेळ्या-मेंढ्या रानात नेल्या तर त्यांच्या श्वसनमार्गातील जंतूंनी रानमेंढ्यांच्या कळपांत न्यूमोनिया पसरतो आणि कळपच्या कळप मरतात. घोड्यापासून ती भीती नाही. घोड्याच्या लिदीतून बाहेरच्या तणाचे बी जाण्याची भीती मात्र आहे, म्हणून निघण्याच्या काही दिवस आधीपासून घोड्यांना तणविरहित वैरण देणे आणि अंगातले, शेपटीतले बी खरारा करून काढणे आवश्यक असते. आमच्या वाटाड्याने ते केले होते. एकाच कुरणात दोनदा मुक्काम केला नाही. त्यामुळे या सहली बंद व्हाव्यात असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट, ज्या प्रदेशात रस्ता न काढता माणसाला जाता येते त्या प्रदेशाला रस्त्यापासून वाचवण्यासाठी बोलणारी माणसे याच वाटांवर तयार होतात. मला त्या सोळा दिवसांनी जे दिले ते सांगायला हे पत्र पुरणार नाही. फक्त जाणाऱ्याने खरे वजन लिहून, मांड शिकून, घोड्याच्या वेळेने चालायची तयारी ठेवून जावे.

आपल्याला माझी विनंती नेमकी आहे. यापुढे अशा सहलींविषयी लेख किंवा जाहिरात छापताना त्यासोबत एक लहान चौकट द्यावी आणि तीत स्वाराच्या वजनाची मर्यादा किलोमध्ये, खोगिराचे वजन धरून आहे की सोडून आहे याच्या उल्लेखासह, दिवसाला किती तास खोगिरावर आणि किती वेळ पायी चालावे लागते, घोड्यांना विश्रांतीचे दिवस किती, आणि अडचण आल्यास बाहेर काढण्याची काय व्यवस्था आहे, एवढी माहिती असावी. जाहिरातदार ती देणार नसेल तर चौकट रिकामी छापावी. वाचक काय ते समजेल. तिकडच्या नोंदणी अर्जातील सूचनांचे मराठी भाषांतर मी करून ठेवले आहे. पुरवणीच्या उपयोगी पडणार असेल तर ते विनामूल्य पाठवीन. त्यात वजनाचा रकाना मी पहिल्या पानावर, नावाच्या लगेच खाली घेतला आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
सातारा